शेवयाची तार अन् लाईटीचं बिल

माय कुनाला भ्याली न्हाई. चुलत्यानं आमचं गठुडं अंगनात फेकलं तवा भ्याली न्हाई, वळखीचं एक मानूस नसताना मला घिऊन लातूरला इष्टीतून उतरली तवा बी भ्याली न्हाई. पर लाईटीचं बिल दारात आलं की ती भ्यायची. त्या एका सालाचं सांगते. साल कोनतं ते काय ध्यानात न्हाई. मला न्हान येऊन चार-सहा म्हयने झाले व्हते, एवढंच ध्यानात हाय. मी चौथीपस्तोर शिकलेली, अक्षर माझं उंदरानं कुरतडल्यावानी, म्हनून मी बोलते अन् नात लिहिते. ती मधीच म्हनते, "आज्जे, हे नको सांगूस." मी म्हनते, लिही गप.

गंजगोलाईच्या बाजाराच्या मागल्या अंगाला आडतीच्या गल्लीत पत्र्याच्या दोन खोल्या व्हत्या आमच्या, भाड्याच्या. पहाटंपासून हमालाचं वरडनं, बैलगाड्याच्या चाकाचा खडखडाट, डाळीच्या मिलचा घुं घुं आवाज. हळदीचं पोतं फुटलं की सगळी गल्ली शिंकायची. एका खोलीत आमी राहायचो, दुसऱ्या खोलीत मशीन राहायचं. शेवयाचं मशीन, लाईटीवरचं, कुनीतरी वापरून टाकलेलं. मायनं हातातल्या पाटल्या इकून ते घेतलं व्हतं. बाप खपल्यावर चुलत्याच्या घरी आमी दोन वर्सं शिळं खाल्लं, त्यातून ह्या मशीननं आमाला वर काढलं. निघताना चुलता म्हनला व्हता, "बाईमानूस मशीन चालवनार! सहा म्हयन्यात परत येतीस, तवा गोठ्यात जागा ठिवतो." त्याचं गाव औशाच्या पलीकडं. औशाची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडावरून जायची, अन् ती गेली की माय हातातलं काम थांबवून तिकडं बघायची. मशीन चाललं तर आमी लातूरची. मशीन गेलं की गोठा. एवढा साधा हिशेब व्हता.

शेवयाचा हंगाम शिमग्यापासून मिरगापस्तोर. बाया रवा भिजवून, मळून, फडक्यात झाकून आनायच्या. कुनाचं पीठ सैल, कुनाचं दगडावानी, माय बोटानं दाबून बघायची अन् सांगायची, "बाई, अजून घटकाभर मुरू दी." मोटारीचा पट्टा फटफट करायचा, वरून पिठाचा गोळा दाबला की खालच्या जाळीतून शेवया केसावानी सुटायच्या. त्या खाली पडायच्या आत काठीवर झेलायचं काम माझं. झेललं की भाईर पळायचं अन् अंगनातल्या तारंवर पसरायचं. तार लांब व्हती. एक टोक पत्र्याच्या खालच्या लोखंडी आडव्या दांडीला बांधलेलं, दुसरं टोक न्हानीजवळ जमिनीत ठोकलेल्या लोखंडी मेखीला. न्हानीचं पानी तिथंच मुरायचं, मेख कायम ओली. सकाळी शेवया घालायच्या आधी वल्ल्या फडक्यानं तार पुसायची, हा मायचा नेम. अन्नाची तार, रातभर कावळा बसलेला असतो. दुपारच्याला तुटक्या शेवयाचा भुगा गुळाच्या पान्यात शिजवायचा, न्हाईतर भाकर अन् भाजल्या धान्याच्या येसराची आमटी. हंगामात आमी पोटभर खाल्लं, हे खरं हाय.

दुसऱ्या हंगामाला ती तार झिनझिनायला लागली. वल्ल्या हातानं धरली की मुंग्या चढल्यावानी व्हायचं. मी मायला म्हनलं, तर ती म्हनली, "उनानं तापली असंल." पर त्याचा खरा शोध लावला खालानं. खाला म्हंजे आमच्या भिंतीपलीकडची म्हातारी, मागं-पुढं कुनी न्हाई, एकटीच राहायची अन् आडतीवर धान निवडायची. तिचे गुडघे लई दुखायचे. एक दिवस उठताना तिनं आधाराला तार धरली, अन् धरूनच ठिवली. डोळे मिटले.

"क्या हुआ खाला?" मायला तेवढीच भाषा यायची.

"बोलू नको गे," खाला म्हनली. "गुडघे में उतर रहा. लई आराम लगता."

मंग रोजचंच झालं. सकाळी मी तार पुसली की खाला यायची, दगडावर बसायची, एका हातानं तार धरायची अन् दुसऱ्या हातानं तमाखू मळायची. तिचं बघून गल्लीतली गोदाकाकू कंबरंसाठी यायला लागली. मंग तिची ननंद, हात बधिर व्हतो म्हनून. चौघी-पाच जनी वळीनं बसायच्या, तारंला धरून, कबुतरावानी. एकीनं तर दवाखान्याचं औषध सोडलं. "डाक्टर सुई टोचतो अन् वर पैशे घेतो. हितं फुकटात हाय," असं म्हनायची. तार जास्ती झिनझिनावी म्हनून गोदाकाकू मेखीच्या बुडाला तांब्याभर पानी वतायची. मी मायला म्हनलं, ह्यांच्यामुळं शेवया घालाया जागा उरत न्हाई. माय म्हनली, "बसू दी गं. म्हाताऱ्या मानसाला बरं वाटत असंल, तर आपलं काय जातंय?"

आपलं काय जातंय ते मंग कळलं.

बिल वाचायचं काम माझं. आकडा वाचला की माय म्हनायची, "पुन्ना वाच." मी पुन्ना वाचायची. आकडा तोच. मागल्या बिलाच्या दुप्पट. माय म्हनली, हंगाम जोरात झाला, मशीन लई चाललं, म्हनून असंल. भरलं. पर मिरग बरसला, मशीनवर पोतं टाकून झाकून ठिवलं, घरात एक बलब, तरी बिल तसंच. तवापासून काटकसर सुरू झाली. बलब काढून बारका लावला. मंग तो बी संध्याकाळी जरा येळच लावायचा. मंग तो बी बंद. जेवन दिवस मावळायच्या आत, भांडी अंधारात चाचपून घासायची. चुलीच्या उजेडात मी मायचा चेहरा बघायची, तिला वाटायचं मी जाळाकडं बघतीया. एवढं करून पुढचं बिल आलं, तर त्यात एक पैशाचा फरक न्हाई. गल्लीतल्या बायांला बी मजा वाटायला लागली. "कोंडीच्या मायनं लाईट घेतली अन् अंधारात बसली," म्हनायच्या. कोंडी म्हंजे मी. आता हितं नांदेडात माझी सून फ्रीज बंद-चालू करत बसते बिलाच्या भ्यानं, तवा मला ते दिवस दिसतात. मी तिला म्हनते, आधी पितंय कोन ते बघ, मंग उपाशी ऱ्हा.

माय मंग चुकली. मानूस बेजार झालं की जवळच्यालाच चावतं. एक दिवस भिंतीपाशी उभी ऱ्हाऊन ती मोठ्यानं म्हनली, "खाला, तुमी आमच्या लाईनीवरून वायर वढली का?"

खाला भाईर आली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. "क्या बोली? मैं? अगे, माझ्या घरात चिमनी जळती, चिमनी! आ, आके देख!" तिनं मायच्या दंडाला धरून आत नेलं. मी मागं. भिंती काजळीनं काळ्या, कोनाड्यात घासलेटाची चिमनी, बलब टांगायला वायरीचा तुकडा बी न्हाई. माय खाली मान घालून भाईर आली. दुसऱ्या दिवसापासून खाला तारंला यायची बंद झाली, अन् तिच्यामागं बाकीच्या बी.

माय लाईटीच्या हापिसात गेली. तिथला साहेब चांगला व्हता, त्यानं मीटरचा कागद काढून बघितला अन् म्हनला, "बाई, मीटर बरोबर हाय. घरातलं समदं बंद करा अन् मीटरच्या चाकाकडं बघा. चाक थांबलं तर काळजी न्हाई. चाक चाललं तर समजा घरात कायतरी करंट पितंय." आमी घरी येऊन बलब काढून ठिवला, मशीनचा खटका बंद केला. मीटर उंबऱ्याच्या वर व्हतं, काचंआड चांदीच्या ताटलीवानी चाक, त्याच्या कडंला एक काळा ठिपका. मी पाट्यावर चढून बघितलं. ठिपका गेला. मी मोजायला लागले. तीस झाले, चाळीस झाले, अन् ठिपका दुसऱ्या बाजूनं गोगलगाईवानी आला परत.

"चालतंय," मी म्हनलं.

माय घरभर बघायला लागली. माळ्यावर, माठामागं, फडताळात. "आपल्या घरात पिनारं हाय कोन?" एक वायरमन आनला, तो बलब बघून, मशीन बघून, "सगळं ठीक हाय" म्हनून गेला. पत्र्यावर चढतो कोन उनाचा? मला मातर चाकाचं याडच लागलं. येता-जाता पाट्यावर चढायची अन् मोजायची. सकाळी न्हानीत आंघोळी झाल्या की ठिपका लवकर यायचा, दुपारी उशिरा. कामून, ते कळत नव्हतं. आमच्या अंगावर कुनीतरी बसलंय अन् रगत पितंय, अन् ते दिसत न्हाई, असं वाटायचं. माय वाळत चालली व्हती. भाकर अर्धी मोडून माझ्या पुढं सारायची, म्हनायची भूक न्हाई.

शिमगा जवळ आला तवा शेवटचं बिल भरायचं ऱ्हायलं व्हतं, अन् लाईन तोडनार असा कागद आला व्हता. माय दोन दिवस मशीनला गिऱ्हाईक बघत फिरली. तिसऱ्या दिवशी औशाचा एक मानूस घरी आला, मशीन वाकून बघितलं, पट्टा वढून बघितला, अन् मायच्या हातावर इसार ठिवला. तिथल्या बाजारात दुकान टाकनार व्हता. जाताना म्हनला, "काठ्या बी द्या, अन् ती तार बी. सोमवारी गाडी घिऊन येतो."

तो गेल्यावर मी म्हनलं, "माय, मंग आपन?"

माय म्हनली, "गोठा झाडून घ्यायचा, दुसरं काय."

ती रडली न्हाई. मी बी रडले न्हाई. गोठ्यात झोपायचं म्हंजे चुलतीचं बोलनं खायचं, अन् वर्सभरात माझं कुठंतरी लगीन लावून द्यायचं, हे दोघींला ठावं व्हतं.

शनवारी सकाळी माय तार सोडाया गेली. मी पाट्यावर उभी, मीटरच्या म्होरं. मशीन जायचं तर चाक बघून काय करायचं, पर सवय लागली व्हती. न्हानीतून पानी वाहून गेलेलं, ठिपका भराभरा येत व्हता. मी मोजत व्हते अन् एकदम माय वरडली. असलं वरडनं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं. वळून बघितलं तर माय चार हात लांब बसलेली, हात धरून, अन् तार मेखीपासून सुटून हवंत हालायलेली, टोक जमिनीपासून वीतभर वर.

"तारंत हाय गं ते!" माय म्हनली. "हात लावू नको!"

मी पाट्यावरून उतरायला गेले, अन् का कुनास ठाऊक, आधी चाकाकडं बघितलं. ठिपका काचंच्या मधोमध उभा व्हता. मी थांबले. मोजलं. पन्नास. शंभर. माय तिकडून हाका मारायली, "कोंडे, ए कोंडे!" अन् मी मोजायली. दोनशे झाले. ठिपका तिथंच. पुजलेल्या देवावानी बसला व्हता, हालत नव्हता.

"माय," मी म्हनलं, "थांबलं गं चाक."

आमी दोघी त्या मीटरपुढं किती येळ उभ्या व्हतो ते ठावं न्हाई. माय एका हातानं दुसरा हात चोळत व्हती. मंग तिनं मला पळवलं, दोन गल्ल्या पलीकडं बसप्पामामा ऱ्हायचा, निलंग्याकडचा, लाईटीच्या मोटारी दुरुस्त करायचा. बुटका मानूस, कानात बाळी. त्यानं आल्या आल्या मेन खटका खाली वढला, शिडी लावली अन् पत्र्यावर चढला. वरून त्याचा आवाज आला, "अय्यय्यो!" मीटरपासून मशीनच्या खोलीत जानारी वायर पत्र्याच्या भोकातून आत शिरत व्हती. पत्रा वाऱ्यानं अन् मशीननं थरथरून थरथरून वायरीवरचं रबर कापलं व्हतं. आतलं तांबं काळं पडून पत्र्याला चिकटलं व्हतं. पत्र्यातून आडव्या दांडीत, दांडीतून तारंत, तारंतून मेखीत, अन् मेखीतून जमिनीत. रातंदिस. आमी अंधारात बसून भाकर खायचो अन् आमची लाईट न्हानीच्या चिखलात जिरत व्हती.

खाली उतरून बसप्पामामानं विचारलं, "ह्या तारंला कुनी हात लावत नव्हतं ना?"

माय अन् मी एकमेकीकडं बघितलं. मी सांगितलं, हितं बाया धरून बसायच्या, गुडघ्यासाठी. त्यानं कपाळावर हात मारला. "मेख वल्ली व्हती, म्हनून लईसा करंट तिच्यातून जमिनीत जायचा अन् तुमाला नुसत्या मुंग्या यायच्या. मेख वाळली असती, न्हाईतर निघाली असती, तर ह्याच अंगनातून मढी उचलावी लागली असती बाई. आज तुमी वाचल्या ते बी नशीब." मुंग्या वाढाव्या म्हनून पान्याचा तांब्या वतनारी गोदाकाकू आठवली; त्या पान्यानंच समद्या जनी वाचल्या व्हत्या. नात आता मला म्हनते, आज्जे, ह्याला असं म्हनतात अन् तसं म्हनतात. मी म्हनते, काय बी म्हनू दी, आमच्या हाताला मुंग्या आल्या त्या खऱ्या.

मामानं भोकात सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, वायर नवी टाकली, पत्र्यापासून लांब, लाकडी पट्टीवरून नेली. खटका वर केला. समदं बंद ठिवून आमी चाक बघितलं. उभं. मंग मायनं सगळ्यात मोठा बलब लावला, भर दुपारी. चाक चाललं. बंद केला, थांबलं. मायनं चार येळा लावला अन् चार येळा बंद केला, लेकरावानी. पाचव्या खेपंला हासली. "म्हंजे आपन जेवढं खाऊ तेवढंच मोजनार," ती म्हनली. मामानं पैशे घेतले न्हाईत. हंगामाच्या शेवया ठिवा म्हनला.

अन् मंग माय पहिल्यांदा कुठं गेली असंल, तर खालाच्या दारात. उंबऱ्याबाहेरच उभी ऱ्हायली. म्हनली, "खाला, मी तुमाला चोर म्हनले. चोर आमच्याच पत्र्यावर व्हता." अन् समदं सांगितलं. खाला आधी गुडघ्यावर हात ठिवून खाली बसली. तोंड पांढरं पडलं. "या अल्ला, मैं मरती थी क्या!" मंग तिनं मायकडं मान वर करून बघितलं अन् म्हनली, "तो माझ्या गुडघ्याचं बिल तू भर रही थी?"

माय म्हनली, "गोदाकाकूच्या कंबरंचं बी."

दोघी अशा हासायला लागल्या की गल्लीतले हमाल पोतं पाठीवर घिऊन थांबले. हासता हासता माय रडायला लागली, अन् तिला थांबवता येईना. बाप गेला तवा बी ती अशी रडली नव्हती. खालानं तिचं डोस्कं आपल्या मांडीवर घेतलं. मी तिथंच दारात बसून ऱ्हायले, आपन काय करावं ते कळंना, पर लई दिसांनी हलकं वाटत व्हतं.

त्याच दिवशी माय हापिसात गेली, साहेबाला समदं सांगितलं. बिल माफ काय झालं न्हाई. गेलेली लाईट गेलीच व्हती. पर त्यानं हप्ते पाडून दिले अन् लाईन तोडायची थांबवली. इतवारी मायनं काथ्याची दोरी आनून अंगनात बांधली. मी म्हनलं, "अन् औशाच्या मानसाचं?" माय म्हनली, "उद्याचं उद्या."

सोमवारी सकाळीच खाला परात घिऊन आली. ईदीच्या शिरखुर्म्यासाठी रवा मळून आनला व्हता, त्या हंगामाचा पहिला गोळा. माय पट्ट्याला तेल देत व्हती, तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. औशाचा मानूस दोन गडी घिऊन आत आला.

"चला, उचला," तो म्हनला.

माय उठली. हात पुसला. "मशीन न्हाई द्यायचं दादा."

"म्हंजे? शब्द दिला व्हता तुमी."

"दिला व्हता. चुकले. हा तुमचा इसार, अन् हे गाडीचं भाडं." तिनं पैशे त्याच्या म्होरं धरले. भाड्याचे पैशे खालानं दिले व्हते, हे मला मागून कळलं.

त्यानं हात म्होरं केला न्हाई. "बाईमानसाशी यवहार करू नये म्हनतात ते खरंच हाय. मी दुकान भाड्यानं घेतलं, पाटी रंगवली, अन् आता तुमी—"

मायनं पैशे त्याच्या गड्याच्या हातात दिले. "कोंडे, काठी घे," म्हनली. खालाचा गोळा वरून दाबला अन् खटका वढला. मशीननं घर धरून हालवलं. औशाचा मानूस बोलतच व्हता. त्याचे ओठ हालायचे, हात वर-खाली व्हायचे, मानंच्या शिरा फुगलेल्या, पर एक अक्षर ऐकू येत नव्हतं. माय त्याच्याकडं बघून नेटानं मान हालवत व्हती, जनू समदं पटतंय. खालानं तोंडाला पदर लावला व्हता. गड्यांनी एकमेकाकडं बघितलं अन् ते भाईर जाऊन गाडीवर बसले. जाळीतून पहिल्या शेवया सुटल्या, वल्ल्या, गार, माझ्या हातावर आल्या. मी त्या काठीवर झेलल्या अन् त्या मानसाला वळसा घालून अंगनात पळाले.